जुनी ओपन हेराल्ड की घरची सात सीटर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी जुन्या ओपन टॉप गाड्यांबद्दल एवढी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतोय. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठं झालंय, पण तो प्रश्न खूप घरांतला आहे म्हणून कापला नाही.

प्रश्न : सर नमस्कार, मी पुण्याला कोथरूडमध्ये राहतो. माझ्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली, दोन दारांची, वर कापडी हुड. वडील गेल्यापासून गावच्या घरी शेडमध्ये उभी आहे. इंजिन हाताने फिरतं, म्हणजे जाम नाहीये. एका गॅरेजवाल्याने पूर्ण नीट करायचे सहा-सात लाख सांगितलेत. घरात आम्ही दोघं, दोन मुलं (मोठी नऊ वर्षांची, धाकटा चार) आणि आई. आत्ताची हॅचबॅक कमी पडते. मिसेसचं म्हणणं तेच पैसे घालून एर्टिगासारखी सात सीटर घेऊ. मला वाटतं हेराल्ड चांगली करून घेतली, एसी बसवला, तर तीच वापरता येईल, मागे सीट आहेच की. आई म्हणते बाबांची गाडी विकायची नाही. दोन्ही गाड्यांची नीट तुलना करून सांगाल का?

उत्तर : दादा नमस्कार. आधी माझं मत सांगतो, मग कारणं. घरची गाडी म्हणून वहिनी म्हणतायत तीच घ्या. हेराल्ड विकू नका. आणि हेराल्डची घरची गाडी करायला जाऊ नका. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण चांगल्या चांगल्या जुन्या गाड्या मी याच पायी वाया गेलेल्या बघितल्यात. माणूस तिला रोजच्या कामाला लावायला बघतो, मग एसी बसवतो, एसीने इंजिन तापतं म्हणून रेडिएटर बदलतो, तरी तापतं म्हणून दुसऱ्याच गाडीचं इंजिन टाकतो, त्या इंजिनाला गिअरबॉक्स बसत नाही म्हणून मधला पत्रा कापतो, आणि सगळा खर्च झाल्यावर तिच्यात हेराल्डचं काही उरत नाही आणि एर्टिगाचा आरामही येत नाही.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आधी बघू. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली. डिझाईन इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉटीचं. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी ती आपल्याकडे बनवायला लागली, ९४८ सीसीचं इंजिन, ताकद जेमतेम पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवर. त्या काळात बाकीच्या कंपन्या चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांकडे वळल्या होत्या, हेराल्डला मात्र खाली वेगळी चासी आहे आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टने आवळलेले आहेत. याला कारण घडलं ते असं की ट्रायम्फला ज्या कारखान्यातून बॉडी मिळायच्या तो कारखानाच प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेला, मग अख्खी बॉडी एका जागी करून देणारं कोणी राहिलं नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी तुकडे बनवून चासीवर जोडायची पद्धत काढली. त्याचा फायदा आज तुम्हाला मिळणार आहे. छप्पर पण बोल्टचंच असल्यामुळे सलूनची, म्हणजे बंद छपराच्या गाडीची, ओपन गाडी करणं सोपं होतं, आणि छप्पर नसलं तरी ताकद खालच्या चासीत असल्याने गाडी उभी राहते. सडलेला एखादा भाग अख्खा काढून दुसरा लावता येतो. बॉनेट तर पुढच्या दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, मेकॅनिक सरळ पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करतो, पान्हा कुठेही अडत नाही. आजच्या गाडीत हेडलाईटचा बल्ब बदलायचा म्हणजे हात सोलून निघतो, हे ज्याने केलंय त्याला हेराल्डचं कौतुक कळेल.

अजून एक गंमत बघा. हेराल्डची लांबी साधारण ३.८९ मीटर, म्हणजे आज टॅक्स वाचवायला चार मीटरच्या आत बसवलेल्या गाड्यांएवढीच. पण ती वळते केवढ्यात, तर पंचवीस फुटांच्या गोलात, म्हणजे टर्निंग रेडियस ३.८ मीटरच्या आसपास. एर्टिगाचा ५.२ आहे. पेठेतल्या ज्या गल्लीत तुमची नवी गाडी तीन वेळा मागेपुढे होईल तिथे हेराल्ड एका झटक्यात वळेल. म्हणजे जुनी गाडी सगळ्याच बाबतीत मागे असते असं समजू नका.

आता ज्या बाबतीत मागे आहे ते, आणि हे मी जरा कडक शब्दांत लिहिणार आहे कारण मागच्या सीटवर चार वर्षांचं पोरगं बसणार आहे.

ब्रेक. या गाडीला चारी चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. म्हणजे मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांना जाणारं तेल एकाच लाईनचं. एक होज, म्हणजे रबरी नळी, फुटला की पेडल तळाला आणि हातात फक्त हँडब्रेक. नव्या गाडीत दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थांबवतं, वर चाकं लॉक होऊ न देणारा एबीएस आहे, तो तर आपल्याकडे २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचाच झालाय. पावसात कोणीतरी पुढ्यात अचानक थांबलं तर एर्टिगात तुम्ही पेडल दाबून धरता आणि स्टिअरिंग फिरवून बाजूला निघता. हेराल्डमध्ये चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ घसरत जाते.

मागचं सस्पेन्शन. मागे स्विंग अॅक्सल आहे, म्हणजे चाक वर-खाली होताना तिरकं होतं, आणि आडवी एकच पाट्यांची स्प्रिंग. सावकाश चालवताना मस्त बसते, पण वळणावर वेगात शिरलात आणि मध्येच घाबरून अॅक्सिलेटर सोडलात तर मागचं बाहेरचं चाक आत दुमडायला बघतं आणि गाडीचं बूड बाहेर येतं. ज्याला माहितीये तो आधीच वेग कमी करतो आणि वळणातून हलका अॅक्सिलेटर देत निघतो. ज्याला माहिती नाही त्याच्या हातात घाटात ही गाडी देऊ नये. तुमच्या घरात ती तुम्ही सोडून कोण चालवणार हे आत्ताच ठरवा.

बसणाऱ्यांची सुरक्षा. मागे सीट आहे हे खरं, पण तिला बेल्ट नाही, चाईल्ड सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक नाहीत, डोक्याच्या मागे टेका नाही, एअरबॅगचा प्रश्नच नाही, आणि गाडी उलटली तर वर कापड आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरा व्हावा असा बनवतात, म्हणजे धडकेचा जोर पत्र्यात जिरतो आणि आतली जागा शाबूत राहते. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत तो जोर सरळ आत बसलेल्यांना लागतो. आईंना घेऊन तुम्ही एक्सप्रेसवेने मुंबईला निघालात, तिथे कारची मर्यादा ताशी १००, हेराल्ड जीव काढून ११० च्या आसपास जाणार, म्हणजे पूर्ण रस्ताभर तुम्ही इंजिन पिळत असणार आणि बाजूने ट्रेलर. नको. अजिबात नको. पाच माणसांचं कुटुंब, लग्नकार्य, दवाखाना, गावाला दिवाळी, हे सगळं नव्या गाडीचं काम. तीही घेताना सहा एअरबॅग, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि मागच्या मधल्या सीटला पण तीन पॉईंटचा बेल्ट आहे का हे बघून घ्या, टचस्क्रीन किती इंचाची ते नंतर बघा. आणि सात सीटरमध्ये सातवी सीट भरली की डिकीत फार तर दोन बॅगा मावतात, हे शोरूममध्येच सगळ्या सीट उघडून, आईंना तिसऱ्या रांगेत नाही तर मधल्या रांगेत बसवून, चढता-उतरता येतंय का ते बघून ठरवा.

एसीचं पण सांगतो. ओपन गाडीचं हुड कितीही चांगलं केलं तरी फटी राहतात, थंड हवा बाहेर जाते, आणि ९४८ सीसीच्या इंजिनाला कॉम्प्रेसर ओढायला लावलं तर चढावर गाडी दमते. दुपारी बारा ते चार ही गाडी बाहेर काढायचीच नाही, हा साधा उपाय.

मग एवढं सगळं असताना ती ठेवायची कशाला? कारण ती जे देते ते नव्या गाडीत पैसे मोजूनही मिळत नाही. डिसेंबरात सकाळी सहाला हुड मागे टाकून पानशेतच्या रस्त्याने किंवा मुळशीच्या बाजूने निघा. तुम्ही जमिनीला लागून बसलेले असता, टायर बारीक, स्टिअरिंग पातळ आणि हलकं, रस्त्यातला प्रत्येक खडा हाताला कळतो, धरणाकडून येणारी गार हवा, चुलीचा धूर, उसाच्या रसाचा वास सगळं आत येतं आणि काटा पन्नासवर असताना नव्वदने चाललोय असं वाटतं. नवी गाडी नव्वदला चालली तरी आत झोप येते, आणि ते तिचं चांगलंच आहे, तिचं कामच तुम्हाला न दमवता पोचवणं आहे. पण गाडी चालवण्यात जो आनंद आहे तो पन्नासच्या वेगात, कायदा न मोडता, कोणाला धोका न करता घ्यायचा असेल तर अशी गाडी पाहिजे. वडिलांनी ती का ठेवली होती ते तुम्हाला पहिल्या फेरीत कळेल.

आता पैशांचं. सहा-सात लाख एकदम टाकू नका. पेंट, क्रोम, सीट कव्हर हे लोकांना दिसतं म्हणून गॅरेजवाले तिथून सुरू करतात, तुम्ही उलटं करा. पहिल्यांदा ब्रेक, मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, सगळे होज आणि पाईप नवे. मग टायर, ते दिसायला नवे असले तरी बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, दहा वर्षांपूर्वीचे असतील तर सरळ काढून टाका. तेरा इंची रिम आहे, टायर मिळतात. मग पेट्रोल टाकी काढून आतून धुवून घ्या, आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे रबरी पाईप आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालणारे घाला, कारण आता पंपावर सगळीकडे ई-ट्वेंटी पेट्रोल आहे, त्यातलं वीस टक्के इथेनॉल जुनं रबर खाऊन टाकतं आणि गाडी उभी राहिली की टाकीत पाणी ओढतं. महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

आणि एक गोष्ट कागदावर लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्या. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला खाली, जिथे चाक वळतं तिथे, पितळेचे ट्रनियन, म्हणजे आट्यांचे सांधे, आहेत. त्यात ग्रीस मारायचं नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑईल घालायचं. सवयीने सगळे ग्रीसगन लावतात, ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, तिथे कोरडं पडतं, गंजतं, आणि एक दिवस वळताना ट्रनियन तुटून चाक आडवं होतं. तुमची गाडी इतकी वर्षं उभी आहे म्हणजे ते काढून बघितल्याशिवाय रस्त्यावर आणूच नका. चासीला बाजूने निघालेले जे हात असतात, ज्यांच्यावर बॉडी बसते, ते पण खालून हातोडीने हलके ठोकून बघा, ठण्ण वाजलं तर पत्रा आहे, बद्द वाजलं तर गंज आहे.

एवढं झालं की गाडी चालती होते, तीही गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या पुष्कळ कमीत. हुड, रंग, सीट हे दोन-तीन वर्षांत हळूहळू करा, नव्या गाडीचा हप्ता मोडून नाही. इन्शुरन्स काढताना नेहमीच्या पद्धतीने व्हॅल्यू धरली तर हातात काहीच पडत नाही, पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक मिळून ठरवू शकतात, तेव्हा फोटो आणि बिलांची फाईल करून तशी ठरवून घ्या. आणि आईंना पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसवा, पुढे दोन बेल्ट मात्र चासीला पक्के बोल्ट करून बसवूनच.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी आहे, कोल्हापुरात. इथला एक डेंटर म्हणतो वरचं छप्पर कापून झकास ओपन गाडी करून देतो, लग्नाच्या वरातीला पण भाड्याने जाईल. करू का?

उत्तर : नका करू भाऊ. वर हेराल्डचं लिहिलंय ते वाचून कोणाला वाटेल की छप्पर काढलं तर काय होतं, पण पद्मिनी म्हणजे फियाट अकराशे, तिला वेगळी चासीच नाही. फरशी, बाजूचे दाराखालचे सिल, खांब आणि छप्पर मिळूनच तिची ताकद बनलीये. बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं की खोका कसा पिळतो, तसं होणार. पहिल्याच खड्ड्यात दारं बसेनाशी होतील, मग काचेच्या खांबाच्या मुळाशी चिरा पडतील. कंपनीत जेव्हा अशा गाडीची ओपन गाडी बनवतात तेव्हा खाली सिल आणि फरशी जाड करतात, आडवे पत्रे घालतात, तेव्हा कुठे ती टिकते, आणि तरीही खराब रस्त्यावर डॅशबोर्ड थरथरतो. डेंटरकडे ते गणित नसतं.

आणि कायद्याने पण चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकावर कंपनीच्या मूळ माहितीप्रमाणे जी गाडी नोंदली आहे तिच्यात त्या माहितीशी विसंगत बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हे स्पष्ट केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील आणि वरातीत बॉनेटवर, सीटच्या पाठीवर बसलेली पोरं पडली तर तुम्ही अडकाल. खाजगी नंबरची गाडी भाड्याने देणं हा वेगळाच गुन्हा. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, आता चांगल्या, न कापलेल्या पद्मिनी दरवर्षी कमीच होत जाणार. तुमची आहे तशी ठेवा.

प्रश्न : नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मी एमजीबी रोडस्टर (दोन सीटची जुनी ओपन गाडी) घ्यायचं बघतेय, नवरा म्हणतो त्या पैशात फॅमिली कार बदलू. मुलगी पाच वर्षांची. इथे जुनी गाडी ठेवणं परवडतं का?

उत्तर : ताई, तुमच्याकडे कायदा जुन्या गाडीच्या बाजूने आहे, हवा विरुद्ध आहे. एमजीबी अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत बनली, म्हणजे आता प्रत्येक एमजीबी चाळिशी ओलांडलेली आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला हिस्टॉरिक म्हणून रोड टॅक्स माफ आहे, मोठे बदल केलेले नसतील तर एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, पण सक्तीची नाही, आणि लंडनमध्ये जास्त धूर करणाऱ्या गाड्यांना लागणारा यूलेझचा चार्ज पण हिस्टॉरिक गाडीला लागत नाही. टॅक्सची माफी मात्र आपोआप होत नाही, तो वर्ग मागून घ्यावा लागतो. एमओटी माफ असली तरी दरवर्षी करून घ्या, तेवढ्या पैशात एका तटस्थ माणसाने खालून गाडी बघितलेली असते.

विरुद्ध आहे ती थंडी आणि रस्त्यावर टाकतात ते मीठ. एमजीबीला वेगळी चासी नाही, तिची सगळी ताकद दाराखालच्या सिलमध्ये आहे, आणि सिल आतून गंजतो, बाहेरून रंग छान दिसतो. बघायला जाताना खिशात छोटं लोहचुंबक न्या, पातळ कापडात गुंडाळून सिलच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या पुढे फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मग दार उघडून हाताने वर उचलून बघा, आणि हुड खाली असताना दार आणि मागच्या पॅनेलमधली फट वर-खाली सारखी आहे का बघा, वर मिटत असेल तर गाडी मधून बसलीये. इंजिनाची काळजी त्यामानाने कमी करा, १७९८ सीसीचं साधं इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, पार्ट सगळे मिळतात, ब्रिटिश मोटर हेरिटेज तर अख्खी नवी बॉडी पण बनवते. पण सिलची वेल्डिंग म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च होऊ शकतो. १९७४ नंतर काळा रबरी बंपर आला आणि गाडी उंच केली, लोकांना ती कमी आवडते म्हणून स्वस्त मिळते, चालवायला पहिली गाडी म्हणून मला ती चालेल. सीटच्या मागे बॅटरीचे खोके असतात, तिथे पण गंज बघा.

पेट्रोल सुपरचं ई-फाईव्ह, म्हणजे कमी इथेनॉलचं, घाला, साधं आता ई-टेन असतं.

आता मुलीचं. एमजीबीत दोनच सीट. तुमच्याकडे बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोपर्यंत मुलांना त्यांच्या मापाची सीट लागतेच, तेव्हा तीन पॉईंटचे, ओढून लॉक होणारे बेल्ट बसवलेली गाडीच घ्या, चाईल्ड सीट त्यात बसते का ते पैसे द्यायच्या आधी लावून बघा. तरी तिला घेऊन छोट्या रस्त्यांवरच जा, मोटरवेवर नाही. आणि तिघं एकत्र त्या गाडीत कधीच जाणार नाही हे आधी मान्य करा, त्यामुळे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी खोडत नाहीये. आत्ताची फॅमिली कार धड चालत असेल तर ती अजून काही वर्षं ठेवा आणि एमजीबी घ्या. ती कटकट करत असेल, सकाळी शाळेच्या वेळेला सुरू होत नसेल, तर आधी ती बदला. इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकीच्या, गाड्यांचा पर्याय बघा, ऑक्टाव्हिया इस्टेटची डिकी ६४० लिटरची आहे, भारतातून आजी-आजोबा आले की बॅगा त्यातच मावतील. एमजीबी पुढच्या वसंतात पण विकायला असतीलच, आणि हिवाळ्यात किंमत जरा खाली येते.

प्रश्न : ठाण्याहून. सनरूफवाली गाडी घेतली तर ओपन कारची मजा येते का? मुलांचा हट्ट आहे.

उत्तर : नाही येत. ओपन गाडीत वारा चारी बाजूंनी येतो, सनरूफमध्ये वर एक काच सरकते आणि एप्रिलात डोकं भाजतं. उजेड येतो, गाडी मोकळी वाटते, तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्या. पण मुलांना त्यातून डोकं बाहेर काढून उभं करू नका हो, फ्लायओव्हरवर रोज बघतो आणि पोटात गोळा येतो. ब्रेक लागला तर ते पोर काचेच्या कडेवर आपटणार, त्याला ना बेल्ट ना एअरबॅग. सनरूफच्या पैशात वरच्या सेफ्टीचं व्हेरियंट मिळत असेल तर ते घ्या.

प्रश्न : पन्नास वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते असं ऐकलं. आमची १९६८ ची गाडी आहे, नाशिकला. करावी का? आणि कापडी हुड पावसाळ्यात कसं जपायचं?

उत्तर : येते. केंद्राने २०२१ मध्ये तसे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, मोठे फेरफार न केलेली खाजगी गाडी त्यात बसते. आधीच नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंद होणाऱ्याला व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला ५,०००. पण अर्ज करायच्या आधी एक अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे रविवारी सकाळी सहज त्र्यंबकला जाऊन येऊ म्हणाल तर ते त्यात बसत नाही. तुम्हाला गाडी फिरवायची असेल तर साधी आरसीच ठेवा, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, पण गाडी हवी तेव्हा बाहेर काढता येते. वर्षातून एकदा मुंबईच्या रॅलीलाच न्यायची असेल तर व्हिंटेज नोंदणी बघा. माझा कौल साध्या आरसीला, गाडी चालती राहिली की सील, ब्रेक, बॅटरी सगळंच चांगलं राहतं.

हुडचं असं आहे की पावसापेक्षा घडी त्याला जास्त मारते. ओलं हुड कधीही दुमडून मागे ठेवू नका, दोन दिवसांत घडीच्या रेषेवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते पुन्हा जात नाहीत. पावसाळाभर हुड वर चढवूनच गाडी ठेवा, कापड ताणलेलं राहतं, नाहीतर आखडतं आणि नंतर पुढच्या हुकापर्यंत पोचत नाही. धुवायचं ते मऊ ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्याने, सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पाईप त्याच्यावर मारू देऊ नका, शिवणीतून पाणी आत जातं. मागची प्लॅस्टिकची काच कोरड्या फडक्याने पुसली की चरे पडतात, आधी भरपूर पाणी ओता मग पुसा, आणि घडी घालताना त्या काचेच्या मध्ये एक जुना सुती पंचा ठेवा. खांबाच्या आणि काचेच्या रबरी सीलना पावसाच्या आधी सिलिकॉन लावा. वरून घालायचं कव्हर प्लॅस्टिकचं नको, आत घाम धरतो, हवा जाईल असं कापडी घ्या आणि उघडीप मिळाली की ते काढून दोन तास दारं उघडी ठेवा. गालिचा खालून ओला लागला तर तो लगेच उचलून वाळवा, फरशीचा गंज तिथूनच सुरू होतो.